एका डिस्कवर तीन हाका

खाली लिहिलंय ते घडलं तेव्हा मला ताप नव्हता, डोळ्यांवर झोप नव्हती, आणि खोलीत माझ्याशिवाय तीन माणसं होती.

घड्याळात बाराला पाच मिनिटं कमी होती. रात्रीचे नाही, दुपारचे बारा.

२१ ऑगस्ट २००५. श्रावणातला रविवार. बालाघाटमधलं आमचं घर.

घरात मी हे आजवर कुणाला पूर्ण सांगितलेलं नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगता येतंय.

मी आशालता. माझे यजमान गुणाकरराव उकव्याजवळच्या एका खाणीत स्टोअरकीपर होते. सव्वीस वर्षं आम्ही तिथल्या क्वार्टरमध्ये काढली. चारी बाजूंनी जंगल, अंगणात मँगनीजची काळी धूळ, दिवसातून तीनदा वाजणारा भोंगा. दोरीवर पांढरं धोतर वाळत घातलं की संध्याकाळी राखाडी होऊन घरात यायचं. तरी मला ते दिवस आवडतात. तेव्हा दिवसा कुणी दाराला कडी लावत नसे.

१९९१ साली माझ्या दिरांनी परदेशातून यजमानांसाठी व्हिडिओ कॅमेरा आणला. खांद्यावर घेऊन उभं राहावं लागे, एवढा मोठा. त्या दिवसापासून कॉलनीतलं एक बारसं, एक लग्न, एक गणपती यजमानांनी सोडला नाही. कॅमेरा सुरू असताना मात्र कुणी बोलायचं नाही, असा त्यांचा नियम होता.

"आवाज भरते त्याच्यात," ते म्हणायचे. "गप राहा थोडं."

कॅसेट भरली की पाठीवरचा प्लास्टिकचा छोटा तुकडा ते मोडून टाकत. म्हणजे त्यावर चुकून दुसरं काही भरता येत नाही.

अशा तेहतीस कॅसेटी जमल्या. यजमान २००१ मध्ये गेले. कॅसेटी लोखंडी पेटीत तशाच राहिल्या.

ऑगस्ट २००५ मध्ये आमचा देवेंद्र नागपूरहून आठ दिवसांची सुटी घेऊन आला. बरोबर सून मयुरी, सहा वर्षांची नात देवश्री, आणि एका मोठ्या खोक्यात कॉम्प्युटर.

"आई, या कॅसेटीले बुरशी लागून राह्यली," पेटी उघडून तो म्हणाला. "अजून दोन वर्षं ठेवल्या त फेकाच लागतीन. सगळ्या डीव्हीडीवर उतरवून टाकू."

मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू!

काम सोपं होतं, पण वेळखाऊ. व्हीसीआर कॉम्प्युटरला जोडलेला. कॅसेट लावायची, कॉम्प्युटरवर लाल बटण दाबायचं. तासाभराची कॅसेट उतरायला तासच लागतो, घाई चालत नाही. संपली की पुढची लावायची. देवेंद्रला घराच्या कागदांसाठी कचेरीत खेटे घालायचे होते. त्यामुळे हे काम त्याने मला शिकवलं.

"जमते का आईले?" मयुरीने विचारलं.

"तिले दिवसभर टीव्हीसमोर बसाले सांगितलं, जमणार नाही त काय!" देवेंद्र म्हणाला.

वीज असेल तेव्हाच काम. त्या वर्षी आमच्याकडे रोज दुपारी बारा ते तीन वीज जायची. म्हणून मी सकाळी आठलाच बसायचे.

पहिल्याच दिवशी दुसरी कॅसेट हाताला लागली. यजमानांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं... 'चैत्रगौर, १९९२.'

माझा हात थांबला.

ही कॅसेट पुसली आहे असं त्यांनी मला सांगितलं होतं. शपथ घेऊन सांगितलं होतं.

मी ती उलटी केली. पाठीवरचा तुकडा मोडलेला होता.

म्हणजे ती कधीच पुसली नव्हती.

लावू नये असं वाटत होतं. तरी लावली.

आमचं उकव्याचं क्वार्टर. घरात उजेड कमी पडतो म्हणून यजमानांनी हळदीकुंकवाच्या आधीच, भर दुपारी, खिडक्या उघडून आरास टिपली होती. झोपाळ्यात गौर. पितळी ताटात कलिंगडाचं कमळ. पन्ह्याची कळशी. माझ्या सासूबाई दुर्गाबाई पाटावर बसून वाती वळताहेत. त्यांच्या मागे मी, हिरव्या लुगड्यात, केस सगळे काळे.

मी स्क्रीनजवळ सरकले.

मला माहीत होतं काय येणार ते.

आलं...

"आशाबाईऽऽ..."

लांबून. परसाच्या कुंपणापलीकडून. एकदाच.

स्क्रीनवरच्या मी मान वर केली. तोंड उघडलं. सासूबाईंनी पटकन माझ्या मनगटावर हात ठेवला आणि ओठ हलवले. ते शब्द अगदी हळू आलेत, पण मला ते पाठ आहेत.

"ओ देऊ नोको. एकच हाक हाये."

आमच्याकडे हे लहानपणापासून शिकवतात. भर दुपारी किंवा तिन्हीसांजेला कुणी नावाने हाक मारली तर लगेच ओ द्यायची नाही. माणूस असेल तर तीनदा हाक मारेल. माणूस नसेल, तर एकदाच. त्या एका हाकेला ज्याने ओ दिली, तो तिच्यामागे जातो.

मी तोंड मिटलं. यजमानांनी कॅमेऱ्यामागून हात हलवून गप राहायला सांगितलं. कॅमेरा कलिंगडाच्या कमळाकडे वळला.

ती हाक तुळसाबाईची होती.

तुळसाबाई आमच्याकडे भांडी घासायला यायची. तिचा नवरा चैतराम खाणीत कामाला होता. पहाटे ती जंगलात मोहफुलं वेचायला जायची आणि परत येताना माझ्यासाठी पानाच्या द्रोणात चारं, म्हणजे चारोळीची फळं, आणायची. अख्ख्या उकव्यात मला 'आशाबाई' म्हणणारी ती एकटी. बाकीच्यांची मी वहिनी होते, नाहीतर काकू.

आणि ती नेहमी तीन हाका मारायची. "आशाबाई! ओ आशाबाई! अवो आशाबाई!" सासूबाईंचा नियम तिलाही माहीत होता. तिसरी हाक मारून स्वतःच हसायची. "मी माणूसच हाओ, बाई. या भाईर."

त्या दुपारी तिने एकच हाक मारली.

चार वाजता ती आमच्या कुंपणामागच्या नालीत सापडली. पायाला साप चावला होता. मोहफुलांची टोपली शेजारी सरळ ठेवलेली. एक फूल सांडलं नव्हतं.

लोक म्हणाले, कुंपणापर्यंत आली म्हणजे बराच वेळ जिवंत असावी. कॉलनीची जीप त्या दिवशी फाटकाशी उभीच होती. बैहरचा दवाखाना तासाभरावर.

संध्याकाळी चैतराम आमच्या दाराशी आला. त्याने आवाज चढवला नाही. पायरीवर बसून विचारलं.

"तिनं आवाज देला होता का जी, बाई? तुमाले काही आयकू आलं?"

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी यजमानांकडे.

"नाही रे," मी म्हणाले. "कोणी नव्हतं."

तो गेल्यावर यजमान म्हणाले, "ती कॅसेट मी पुसून टाकतो."

तेरा वर्षांत आम्ही तिघांनी तिचं नाव काढलं नाही. त्यातले दोघं गेले. मी एकटी उरले, आणि ती कॅसेट.

कॅसेट संपेपर्यंत मी रडले. मग डोळे पुसून पुढची लावली. वाटलं, जे होतं ते झालं. आता बाकीचे आनंदाचे दिवस बघू.

पुढची होती गणपतीची, त्याच वर्षीची. सप्टेंबर. तुळसाबाईला जाऊन पाच महिने झालेले.

आरती चाललेली. टाळ, घंटा, मुलांचा गलका. आरती थांबली. प्रसाद वाटायच्या आधीची ती क्षणभराची शांतता असते ना...

"आशाबाईऽऽ..."

एकदाच.

मी मशीन थांबवलं. मागे घेतलं. पुन्हा लावलं.

"आशाबाईऽऽ..."

तोच आवाज. शेवटचं अक्षर ओढायची तीच तऱ्हा.

मी स्वतःला समजावलं. गर्दी होती, कुणी मारली असेल. पण मला ती हाक ऐकल्याचं आठवत नव्हतं. आणि स्क्रीनवरच्या एकानेही मान वळवली नव्हती.

त्यानंतर मी प्रत्येक कॅसेट कान लावून ऐकू लागले.

१९९४, लामत्याला पुतण्याचं लग्न. मंगलाष्टकं संपून अक्षता पडल्या, आणि वाजंत्री सुरू होण्याआधी... हाक. मांडवाच्या मागून.

१९९५, सासूबाईंचा ऐंशीवा वाढदिवस. हाक. खिडकीपाशी.

१९९८, बालाघाटच्या या घराची वास्तुशांत. हाक. दारात.

कॅसेटगणिक एकच. कधी दोन नाही. आणि दर वेळी मागच्यापेक्षा थोडी जवळून.

१९९९ ची कॅसेट देवश्रीच्या बारशाची होती. नागपूरचा हॉल, पन्नास-साठ बायका. घुगऱ्या वाटून झाल्या. पाळण्यात देवश्री हातपाय झाडत रडत होती. कोणी केल्या गप होत नव्हती. आणि मग...

"आशाबाईऽऽ..."

कॅमेऱ्याच्या अगदी शेजारून. जणू यजमानांच्या खांद्याला खांदा लावून कुणी उभं होतं.

बारा दिवसांची देवश्री एकदम गप झाली. तिने मान तिकडे वळवली.

हॉलमध्ये फक्त तिनेच.

त्या संध्याकाळी मी देवेंद्रला बारशाची जागा ऐकवली.

"ऐकलं?"

"हौ. कोणी तुले बोलावून राह्यलं."

"कोण?"

"मले काय माहीत! साठ बाया होत्या तिथं." तो हसू लागला. "आई, तू लई फेमस होती. सगळ्या कॅसेटीत लोक तुलेच बोलावते."

म्हणजे त्यालाही ऐकू येत होतं. माझे कान वाजत नव्हते.

मला जरा हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

देवश्रीला मात्र मी त्याच दिवशी जवळ बसवलं. ती हिंदी शाळेत जाणारी, कुणी बोलावलं की धावत सुटणारी पोर. मी तिला सांगितलं, "दुपारी कोणी नाव घेतलं त लगेच ओ द्यायची नाही. तीन हाका मोजायच्या. बोटावर. तीन झाल्या तरच जायचं."

"तीन बार?" तिने तीन बोटं वर केली.

"हौ. तीन."

"और तीन हो गए तो?"

"त मग ते माणूसच असते."

हे मी तिला शिकवलं. मीच.

शुक्रवारी राखी झाली. शनिवारी देवेंद्रने तयार डिस्क माझ्यापुढे मांडल्या. चकचकीत, त्यावर मयुरीने पेनाने नावं लिहिलेली. मी मोजल्या.

अकरा.

"कॅसेटी तेहतीस होत्या," मी म्हणाले.

"एका डिस्कवर तीन बसते आई. तीन तास मावते. एकामागून एक जोडून देल्या."

मी त्या पुन्हा मोजल्या.

यजमानांच्या पेटीत तेहतीस कॅसेटी वेगवेगळ्या होत्या. चैत्रगौरीपासूनच्या प्रत्येकीत एक हाक. एका हाकेने काही होत नाही, जोवर कुणी ओ देत नाही. तेरा वर्षं कुणी दिली नव्हती.

आता त्या तीन-तीन करून जोडल्या होत्या.

"देवेंद्र, वेगळ्या कर त्या. एकीवर एकच ठेव."

"काहून?"

मी डिस्कवरची नावं वाचू लागले.

"आई, चार दिवस लागले मले. परवा निघाचं हाये. काहून वेगळ्या करू, कारण त सांग."

कारण सांगायचं म्हणजे तुळसाबाई सांगायची. पायरीवर बसलेला चैतराम सांगायचा. आपले वडील, आपली आजी, आपली आई यांनी एका बाईला नालीत मरू दिलं आणि खोटं बोलले, हे पस्तीस वर्षांच्या मुलाला तोंडाने सांगायचं.

"काही नाही," मी म्हणाले. "उगाच म्हटलं."

दुसऱ्यांदा मी तोंड मिटलं.

रविवारी सकाळी साडेनऊला सगळे टीव्हीसमोर बसले. पहिल्या डिस्कवर देवेंद्रने निवडक तीन घेतल्या होत्या. चैत्रगौर, लामत्याचं लग्न, आणि शेवटी देवश्रीचं बारसं, कारण देवश्रीने स्वतःला पाळण्यात बघायचा हट्ट धरला होता.

मी दाराजवळच्या खुर्चीत बसले. हातात जपमाळ होती. एक मणी पुढे सरकत नव्हता.

चैत्रगौर सुरू झाली.

"आशाबाईऽऽ..."

"आजी, तुमको बुलाया!" देवश्री म्हणाली. आणि तिने एक बोट वर केलं.

मी हसल्यासारखं केलं.

मयुरी म्हणाली, "आई, तुमी किती सुंदर दिसत होत्या वो. हे हिरवं लुगडं आता कुठं हाये?"

काय उत्तर दिलं, आठवत नाही.

साडेदहाला लामत्याचं लग्न लागलं. मंगलाष्टकं. अक्षता. मी डोळे मिटून घेतले.

"आशाबाईऽऽ..."

डोळे उघडले तर देवश्रीची दोन बोटं वर होती. एका हाताने ती पोहे खात होती, दुसरा हात तसाच धरून ठेवलेला. मुलं खेळ म्हणून घेतात तशी ती मोजत होती.

"देवश्री, चल, आपण अंगणात जाऊ," मी म्हणाले.

"नहीं आजी, अब मेरा आएगा ना!"

"बंद कर रे ते," मी देवेंद्रला म्हणाले. "डोळे दुखतीन पोरीचे."

"आता त तिचंच लागते आई. बस थोडी."

साडेअकराला बारसं सुरू झालं.

हाक कुठे आहे ते मला मिनिटासकट माहीत होतं. घुगऱ्यांनंतर. मी ठरवलं, तिथे आलं की उठून बटणच बंद करायचं. मुलगा रागावला तर रागावू दे.

बायका पाळण्याभोवती जमल्या. नाव ठेवलं. घुगऱ्यांची ताटं फिरू लागली. मी खुर्चीचा हात धरून उठले...

आणि वीज गेली.

टीव्ही काळा झाला. पंखा हळूहळू थांबला.

घड्याळाकडे पाहिलं. बाराला पाच कमी. रोज बाराला जायची, त्या दिवशी पाच मिनिटं आधी गेली.

"घे!" देवेंद्र म्हणाला. "आता तीन वाजेपर्यंत बोंबला."

मी खाली बसले. मनात म्हटलं, सुटलो. देवाने वीज नेली. तिसरी हाक आली नाही.

घर एकदम शांत झालं होतं. गल्लीतही आवाज नव्हता. शेजाऱ्यांचा पोपटसुद्धा ओरडायचा थांबला होता.

आणि मग...

"आशाबाईऽऽ..."

टीव्ही बंद होता.

हाक मागून आली. आमच्या परसातून. मागच्या दाराच्या अगदी बाहेरून.

कुणी हललं नाही. मयुरीने देवेंद्रकडे पाहिलं. देवेंद्रने टीव्हीकडे.

देवश्री उठून उभी राहिली. तीन बोटं वर, चेहरा हसरा.

"आजी, तीन हो गए!"

आणि ती मागच्या दाराकडे वळली. मी शिकवल्याप्रमाणे. तोंड उघडून, छातीत श्वास भरून...

"ओ..."

पुढचं अक्षर मी निघू दिलं नाही. मला गुडघेदुखीने चार पावलं टाकायला मिनिट लागतं. त्या क्षणी कशी पोचले, ठाऊक नाही. डाव्या हाताने तिचं तोंड दाबलं, तिला पोटाशी ओढलं, आणि मागच्या दाराकडे बघून मीच ओरडले.

"ओ तुळसाबाई! आली... मी आली!"

तेरा वर्षं घशात अडकलेला शब्द होता तो.

देवश्रीला मयुरीच्या अंगावर ढकललं. मागचं दार उघडलं. बाहेर गेले.

परसात कुणी नव्हतं. लख्ख ऊन. तुळस, कर्दळ, धुण्याचा दगड. विटांची भिंत.

भिंतीपलीकडून वास येत होता. गोड, जड, डोकं धरणारा. मोहफुलांचा.

मोह चैत्रात फुलतो. श्रावणात मोहाला फूल नसतं.

मी भिंतीला हात लावून उभी राहिले. म्हणाले, "चुकलं माझं. ऐकलं होतं मी." अजूनही बरंच बोलले. ते इथे लिहीत नाही.

हळूहळू वास गेला. मी आत आले.

"कोण होतं?" देवेंद्रने विचारलं.

"कोणी नव्हतं," मी म्हणाले.

म्हटल्यावर लक्षात आलं... चैतरामलाही मी हेच सांगितलं होतं.

तीन वाजता वीज आली. देवश्रीने पुन्हा हट्ट केला. देवेंद्रने बारसं लावलं. मला भीती वाटत नव्हती. उलट हलकं वाटत होतं. ओ देऊन झाली होती.

घुगऱ्या वाटून झाल्या. पाळण्यात देवश्री रडत होती. मी वाट बघत होते.

हाक आली नाही.

तिच्याऐवजी बायकांच्या घोळक्यातून आवाज आला...

"ओ! आली... मी आली!"

माझा आवाज.

स्क्रीनवरच्या मी, जांभळ्या पैठणीत, पाळण्याची दोरी सोडली. उठले. बायकांना बाजूला सारत मागच्या दाराकडे गेले.

पाळणा हलत राहिला. गाणी झाली, ओटी भरली, फोटो काढले. देवश्रीला सगळ्यांनी आळीपाळीने मांडीवर घेतलं.

मी परत आले नाही. कॅसेटच्या शेवटापर्यंत.

मी तिथे होते. देवश्रीची कुंची मी बांधली होती, शेवटी आहेर मी वाटले होते. कॅसेट उतरवली तेव्हा ते सगळं तिच्यात होतं. मी स्वतः बघितलं होतं.

"देवेंद्र... हे असं नव्हतं."

"असंच त होतं आई," तो मोबाइलमध्ये बघत म्हणाला. "तू नेहमीच मधी उठून जाते. तुले एका जागी बसवते का?"

मी चैत्रगौर लावायला लावली. हिरव्या लुगड्यातली मी मान वर करते. सासूबाई मनगटावर हात ठेवतात. मी तो हात सोडवते. "ओ! आली..." म्हणते, आणि परसाच्या दाराने बाहेर जाते. सासूबाई दाराकडे बघत राहतात. कॅमेरा कलिंगडाच्या कमळाकडे वळतो.

लामत्याचं लग्न. वास्तुशांत. गणपती. सगळीकडे तेच. मी उठते, जाते, परत येत नाही.

डिस्कवर काही गडबड झाली असेल म्हणून मूळ कॅसेटी लावून बघितल्या. पाठीवरचे तुकडे मोडलेल्या. ज्यांच्यावर दुसरं काही भरताच येत नाही.

तिथेही तेच.

याला आता तीन वर्षं होतील. त्या दिवसानंतर तुळसाबाईची हाक मी कधी ऐकलेली नाही. चैतरामचा शोध घेतला. बसने उकव्याला गेले. तो वारला, असं शेजाऱ्यांनी सांगितलं. जे त्याला सांगायचं होतं ते आता तुम्हाला सांगते आहे.

मी ठीक आहे. जेवते, झोपते, डॉक्टर म्हणतात रक्तदाब उत्तम आहे. फक्त एक आहे. कॅसेटीतून जी उठून गेली, ती मीच होते. आणि ती कुठे गेली, हे मला माहीत नाही.

आज मे महिन्याचा तिसरा आठवडा. देवश्री सुटीसाठी आली आहे, नऊ वर्षांची झाली. देवेंद्र आणि मयुरी बाजारात गेलेत. मी पुढच्या खोलीत टेबलाशी बसून हे लिहिते आहे. बारा वाजायला आलेत, वीज आताच गेली.

देवश्री मला हाका मारते आहे.

"आजी..."

मी लिहिणं थांबवलं नाही. मोजते आहे.

"आजी..."

तीन वर्षांपूर्वीचा धडा तिच्याही लक्षात आहे. ती नेहमी तीन हाका मारते, मगच थांबते. शहाणी पोर.

"आजी, आजा ना अंदर!"

तीन झाल्या. आता ओ द्यायला हवी.

पण इथून मला ती दिसते आहे. ती मागच्या दारात उभी आहे. माझ्याकडे पाठ करून.

तोंड परसाकडे आहे. भिंतीकडे बघून ती कुणाला तरी हात करून आत बोलावते आहे.

आणि उघड्या दारातून वास येतो आहे...